हरित द्रावकाचे कायटोसान: पाकिटावरचे आणि पाकिटातले

फळभाज्यांवर लेप देऊन पाहावा म्हणून कायटोसानच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून बनवलेल्या पदार्थाच्या, पुडीचे शंभर ग्रॅमचे पाकीट मागवले. 'घातक आम्लांविना, हरित द्रावकाने तयार केलेला सागरी जैवपदार्थ' या ठळक ओळीने मी भुललो, हे आधीच कबूल करतो.

पूड फिकट पिवळसर आहे आणि मासळीचा वास जवळजवळ नाही, म्हणजे प्रथिने बऱ्यापैकी निघालेली दिसतात. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी अशा शंभर मिलिलिटर मिश्रणात एक ग्रॅम पूड तासभर ढवळली, तेव्हा पेजेच्या निवळीसारखा दाटसर द्राव तयार झाला. मलमलीतून गाळल्यावर मात्र फडक्यावर फुगलेले, काचेसारखे कण उरले. सौम्य आम्लात कायटोसान विरघळते, पण ज्यापासून ते बनवतात ते टरफलातले कायटिन विरघळत नाही. तेव्हा रूपांतर बहुधा अर्धवट राहिले असावे. लेप दिलेले टोमॅटो पाचव्या दिवशीही ताठ होते, बिनलेपाचे देठाजवळ सुरकुतले होते. पहिल्या दिवशी व्हिनेगरचा वास येतो, तेवढा सोसावा लागतो.

माझा खरा आक्षेप सोबतच्या माहितीपत्रकाला आहे. त्यात द्रावक म्हणून कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्ल यांचे मिश्रण सांगितले आहे. पहिले कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, दुसरे दह्यात असते. त्यामुळे रूढ पद्धतीतल्या हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा ते सौम्य, यात वाद नाही. टरफलातली चुनखडी आम्लात विरघळताना कार्बन डायऑक्साइड फसफसून निघतो, प्रथिने द्रावकात उतरतात आणि मागे उरते ते कायटिन, कायटोसान नव्हे. कायटिनचे कायटोसान करायला ते एरवी ४० ते ५० टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवतात, आणि या टप्प्याविषयी पत्रकात चकार शब्द नाही. घातक आम्ल टाळले असेलही, पण कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीचे काय? शिवाय 'द्रावकाचा पुनर्वापर' एवढेच छापले आहे. चुनखडी विरघळवण्यात आम्ल खर्ची पडत असताना काकवीसारखे ते दाट मिश्रण किती वेळा आणि कसे वापरात आणले, हे कळायला मार्ग नाही.

कोळंबीचा उल्लेख पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत आहे. शाकाहारी घरांसाठी आणि कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी तो पुढच्या बाजूला, ठसठशीत हवा होता.

कॉस्टिक सोड्याबद्दल उत्पादकाला लिहून विचारले. 'प्रक्रिया गोपनीय आहे' असे एका ओळीचे उत्तर आले, आणि त्याखाली पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन होते.