एअर रायफलच्या देखभालीची स्वस्तातली हत्यारं: सात-आठ महिने वापरून

हे सगळं ०.१७७ इंची छर्ऱ्याच्या एअर रायफलबद्दल आहे, हे आधीच सांगतो. परवान्याच्या बंदुकीला घरी हात लावायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तिची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, त्यामुळे ते काम परवानाधारक गनस्मिथचंच. २० ज्यूलच्या आतल्या ०.१७७ एअरगनला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. तिचे स्टॉकचे, म्हणजे लाकडी दस्त्याचे, स्क्रू आवळणं, दुर्बीण बसवणं, साफसफाई, गंज काढणं एवढं घरी निभतं. त्यातही मेन स्प्रिंग मी उघडत नाही. ती आत दाबून बसवलेली असते, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय पिन काढली तर मागचा भाग थेट तोंडावर येऊ शकतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्क्रू ड्रायव्हरने. हार्डवेअरच्या दुकानातला साधा चपटा स्क्रू ड्रायव्हर टोकाकडे निमुळता होत जातो आणि बंदुकीच्या स्क्रूची खाच असते सरळ भिंतींची. म्हणजे टोक खाचेच्या वरच्या कडांनाच टेकतं, तळाशी पोचतच नाही. जोर लावला की वर सरकतं आणि सरकताना कड सोलून नेतं. माझी रायफल सेकंडहँड, तिचे पुढचे दोन्ही स्क्रू आधीच्या मालकाने असेच चावून ठेवले होते.

बाहेर यासाठी हॉलो ग्राउंड, म्हणजे टोकाशी निमुळते न होणाऱ्या, बिटांचे मोठे सेट मिळतात, पण मागवायला महाग पडतात. त्यातले वापरात तीन-चारच येतात. मी साधे पाव इंची हेक्स बिट घेतले, १.० × ५.५ आणि १.२ × ६.५ मिमीचे, आणि टॅपेट सेट करायचा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा, ऑटो पार्ट्सवाल्याकडून आणला. खाचेत गेजची पानं एकावर एक सरकवून बघितली. ०.८ आणि ०.३ ची जोडी घट्ट बसली, म्हणजे खाच १.१ ची. मग १.२ चा बिट ऑइल स्टोनवर दोन्ही बाजूंनी सपाट घासत तेवढा उतरवला. हळूहळू, मधेमधे खाचेत घालून बघत. बिट बसला की हात सोडला तरी रायफलवर उभा राहतो, इतका घट्ट व्हायला हवा. ग्राइंडरवर हे काम करू नका. टोक तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच समजा. रुंदी स्क्रूच्या डोक्यापेक्षा किंचित कमी ठेवायची, नाहीतर भोवतीच्या लाकडावर गोल चरा उमटतो. एवढ्या महिन्यांत या बिटांच्या कडा जशाच्या तशा आहेत. याच कामासाठी फुटपाथवरून घेतलेल्या स्वस्त सेटमधला एक बिट मात्र टोकाशी जिलबीसारखा पिळला गेला.

पिना ठोकून काढायच्या पंचांचंही तसंच. २ मिमीचा स्वस्त पंच पहिल्याच अडकलेल्या पिनेवर वाकला. पिन हलवायला आधी आखूड, जाड बुडाचा स्टार्टर पंच आणि मग लांब पंच, हा क्रम पाळला तर मध्यम दर्जाचे पंचही टिकतात. बाहेरून दिसणाऱ्या जागी मी पितळच वापरतो. पितळी सळईचा तुकडा वजनावर मिळतो, भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून त्याची टोकं सरळ करून घेतली. पितळेची पिवळट रेघ नळीवरच्या काळ्या ब्लूइंगच्या थरावर राहते, पण ती तेलाच्या फडक्याने चोळली की जाते. पोलादाचा ओरखडा कशानेच जात नाही. हातोडी छोटी, पितळी. इथे वजनाला काही अर्थ नाही.

व्हाइस पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला, बुधवारी किंवा रविवारी जा. रंगाकडे बघू नका. दांडा फिरवून स्क्रूला किती खेळ आहे ते बघा आणि जबडे मिटवून उजेडाकडे धरा. एका बाजूने उजेड दिसला तर सोडून द्या. जबड्यांना चपला शिवणाऱ्याकडचे चामड्याचे जाड तुकडे चिकटवलेत. नळी त्यात आवळायची नाही, हे चामडं असलं तरी.

अ‍ॅलन की मात्र चांगल्याच घ्या, सेटपेक्षा लागतील त्या मापाच्या सुट्या. कडा घासलेली की स्क्रूचं षटकोनी भोक गोल करून ठेवते. दुर्बिणीच्या रिंगांना साधारण २ न्यूटन मीटर पुरतं. टॉर्क ड्रायव्हरचे पैसे मी घातले नाहीत. कीचा लांब हात स्क्रूत घालून आखूड हात दोन बोटांनी फिरवला की जोर आपोआप मर्यादेत राहतो. स्टॉकच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव, लावा. स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का मागेही बसतो आणि पुढेही, स्क्रू ढिले होणारच.

कानशी घरात आहेत, जेके फाइल्सच्या, पण रायफलला क्वचितच लागतात. ट्रिगर हलका करायला सिअरवर, म्हणजे ट्रिगरच्या अडकवणाऱ्या खटक्यावर, कानस फिरवणारे भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. केसाएवढी कड गेली तरी रायफल नुसत्या धक्क्याने सुटू शकते. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिसला ब्रॉन्झ मिळाल्यापासून सोसायटीतली दोन पोरं १० मीटर एअर रायफल नेमबाजीच्या मागे लागलीत. त्यांच्या स्पर्धेच्या रायफली माझ्याकडे आल्या तरी मी उघडत नाही, त्या क्लबच्या माणसाकडे.

पावसाळ्यात रायफलच्या आधी हत्यारंच गंजली. डब्यात सिलिका जेल आणि पंचांवर तेलाचा हात, एवढ्याने आटोक्यात आलं. तेच तेल रायफलच्या कॉम्प्रेशन चेंबरमध्ये सोडू नका. आतली दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेट घेतं, धूर निघतो, आवाज मोठा होतो आणि सील लवकर जातं.

ऑनलाइन चकचकीत पेटीत मिळणारा ‘गनस्मिथिंग किट’ एका मित्राने घेतला. त्यातली पितळी हातोडी खरंच चांगली आहे, मी ती अजून परत केलेली नाही. बाकीचे बिट त्याच्या कपाटाच्या बिजागऱ्यांना उपयोगी पडतायत.