कॉलेजच्या बुकस्टोअरमधून पुस्तकं घेण्याआधी

वयाच्या ४१व्या वर्षी मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजला, नाव घातलं. नर्सिंगला अर्ज करायचा तर आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स पूर्ण करावं लागतं. या राज्यात राहणाऱ्यांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (विषय केवढा मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर. अ‍ॅनाटॉमी ४ युनिटचं, म्हणजे १८४ डॉलर. हा हिशेब करूनच मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं की परवडेल. पुस्तकाचं मी धरलंच नव्हतं.

कॉलेजच्या आवारातल्या बुकस्टोअरमध्ये अ‍ॅनाटॉमीचा गठ्ठा हातात घेतला आणि सवयीने उलटा करून मागे किंमत शोधली. आपल्याकडे पुस्तकाच्या पाठीवर रुपयांत किंमत छापलेली असते, दुकानदार त्यावर टक्केवारी सोडतो, आणि सीनियरकडून घेतलं तर निम्म्यात मिळतं. सांगलीला मी बारावीपर्यंत असंच शिकले. इथे मागे नुसता बारकोड. काउंटरवरच्या मुलीने स्कॅन केलं तेव्हा कळलं, २१२ डॉलर. फीपेक्षा पुस्तक महाग.

आणि पुस्तक तरी कुठलं? तीन भोकं पाडलेली सुटी पानं, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली. फाईल वेगळी विकत घ्यायची. आत एक कोड, तो टाकल्याशिवाय प्रकाशकाच्या वेबसाइटवरचा गृहपाठ उघडत नाही. प्लास्टिक फोडलं की परत घेत नाहीत, सेमिस्टर संपल्यावर सुटी पानं दुकान विकत घेत नाही, आणि कोड एकदाच चालतो. म्हणजे माझ्यामागून येणाऱ्या मुलीला मी हे पुस्तक देऊच शकत नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

काउंटरवरची मुलगी मात्र फार चांगली. तीही तिथेच शिकते. हळू आवाजात तिने विचारलं, "तुम्ही रजिस्टर करताना शेड्यूलमधली पुस्तकाची लिंक उघडली नव्हती का?" ती लिंक असते हेच मला माहीत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

ही लिंक दुकानाने कृपा म्हणून दिलेली नाही, कायद्याने द्यायला लावलेली आहे. २००५ साली अमेरिकन संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी हिशेब तपासनीस कार्यालयाने अहवाल दिला की डिसेंबर १९८६ ते डिसेंबर २००४ या काळात कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती १८६ टक्क्यांनी वाढल्या, महागाईच्या साधारण दुप्पट वेगाने. त्यानंतर २००८च्या उच्च शिक्षण कायद्यात पुस्तकांसाठी वेगळं कलम आलं आणि १ जुलै २०१० पासून ते लागू झालं. वर्ग निवडायच्या ऑनलाइन यादीतच पुस्तकाचा आयएसबीएन (प्रत्येक आवृत्तीचा वेगळा ओळख क्रमांक) आणि किंमत दिसली पाहिजे. प्रकाशकाने प्राध्यापकाला पुस्तक सुचवताना किंमत लेखी कळवली पाहिजे, आधीच्या आवृत्त्या कोणत्या सालच्या आणि नव्या आवृत्तीत मोठे बदल काय केले तेही. पुस्तक आणि कोड एकत्र विकत असतील तर ते सुटे सुटेही विकले पाहिजेत.

मला यातलं प्राध्यापकांबद्दलचं कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. पुस्तक निवडतो एक आणि पैसे भरतो दुसरा, रोग तिथेच आहे. आमच्या अ‍ॅनाटॉमीच्या बाईंना मी भेटून सरळ विचारलं, मागची आवृत्ती चालेल का? त्यांनी दोन्ही आवृत्त्या माझ्यासमोर उघडून पाहिल्या आणि म्हणाल्या, चालेल, पानांचे आकडे तेवढे मी सांगेन. जुनी आवृत्ती मला आयएसबीएन टाकून शोधल्यावर १८ डॉलरला मिळाली, पक्क्या बांधणीची. पण गृहपाठ कोडशिवाय होत नव्हता, तेव्हा कोड तेवढा बुकस्टोअरमधून सुटा घेतला, ९५ डॉलरचा. सुटा मागितला म्हणून मिळाला. फळीवर मांडला होता तो फक्त गठ्ठा. एकूण ११३ डॉलर गेले, ९९ वाचले. आधी विकत घेतलेली, न फोडलेली ती सुटी पानं दुकानाने पावती बघून परत घेतली, कुरकुर केली नाही. त्याबद्दल दुकानाला पूर्ण गुण.

भाऊ पुण्याहून म्हणत होता, "ताई, अप्पा बळवंत चौकातून इंडियन एडिशन पाठवतो की." त्याचं चुकीचं नव्हतं. थायलंडहून इथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकायला आलेल्या सुपाप किर्टसेंग या विद्यार्थ्याने घरच्यांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवून इथे विकल्या. प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं आणि मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. बाहेरदेशी रीतसर विकत घेतलेली प्रत इथे आणून विकता येते. तेच पुस्तक दुसऱ्या देशात किती स्वस्त मिळू शकतं, हे त्या खटल्याने चव्हाट्यावर आणलं. माझ्यापुरती अडचण एवढीच की इंडियन एडिशनमध्ये इथला कोड येत नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला मी यादी नीट वाचली. स्टॅटिस्टिक्सच्या एका वर्गापुढे छोटंसं चिन्ह होतं, पुस्तकाचा खर्च शून्य. हेही कायद्यामुळेच. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये केलेल्या आणि २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार कम्युनिटी कॉलेजांना असे वर्ग यादीत चिन्हाने दाखवावे लागतात. आमचं पुस्तक ओपनस्टॅक्सचं, राइस विद्यापीठातून चालणारा ना-नफा उपक्रम. मूळ पुस्तक लिहिणाऱ्या बार्बरा इलोव्स्की आणि सुझन डीन या इथल्याच डी अँझा कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापिका, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. आमच्यासारख्यांना शिकवत शिकवत त्यांनी ते लिहिलं आणि फुकट वाचायला दिलं. सोडवलेली उदाहरणं भरपूर आहेत. मला कागदावर वाचायची सवय, म्हणून हवी ती प्रकरणं लायब्ररीत छापून घेतली.

मायक्रोबायोलॉजीत मात्र पुन्हा फसले. तिथे डिजिटल पुस्तकाचे ८९ डॉलर आपोआप माझ्या फीच्या खात्यात चढले. दुकान याला सोय म्हणतं: पहिल्या दिवसापासून पुस्तक हातात, तेही बाजारभावापेक्षा स्वस्त. नको असेल तर ठरावीक तारखेच्या आत नकार कळवायचा. ती तारीख एका ईमेलमध्ये होती, ईमेल जाहिरातींच्या ढिगात गेला, आणि मी पाहिला तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. आर्जवं केली, उपयोग झाला नाही. सेमिस्टर संपलं आणि पुस्तक बंद झालं. विकायला काही नाही, पुन्हा उघडून बघायलाही नाही. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना मला तेच पुस्तक हवं होतं.

या सेवेला मी गुण देणार नाही. किंमत आधी दाखवण्याचा सगळा कायदा मला ‘नको’ म्हणता यावं म्हणूनच आहे ना? मग माझं गप्प बसणं होकार धरून पैसे कापणं योग्य कसं? कायद्यात बदल हवा: मी हो म्हटल्यावरच पैसे घ्या, आणि कोड लागणार असेल तर ते रजिस्टर करण्याआधी यादीत लिहा. राज्याने २०२३ मध्ये आणखी एक कायदा केला आहे, त्यानुसार अधिकाधिक वर्गांच्या साहित्याचा अंदाजे खर्च टप्प्याटप्प्याने यादीत यायचा आहे. मी त्याची वाट बघते आहे.

तोवर इथे शिकायला येणाऱ्या मराठी आईबापांना आणि मुलांना कळकळीने सांगते: वर्ग निवडताना पुस्तकाची लिंक उघडा, आयएसबीएन वहीत लिहून घ्या, लायब्ररीच्या राखीव कपाटात प्रत आहे का विचारा, आणि खात्यात पुस्तकाचे पैसे आपोआप चढलेत का ते पहिल्याच दिवशी बघा. प्राध्यापकांना विचारायला लाजू नका.

पुढच्या सेमिस्टरच्या यादीत फिजिऑलॉजीपुढे पुस्तकाच्या जागी आज ‘अजून ठरलेलं नाही’ एवढंच आहे. रजिस्ट्रेशन सोमवारी सकाळी उघडतं. पुस्तक कोणतं, कोड लागेल का आणि मागची आवृत्ती चालेल का, असं तीन ओळींचं ईमेल मी त्या प्राध्यापकांना काल रात्री पाठवलं आहे.