अंगठ्याखालची माती: कला आणि शरीरभान यांवर आधारलेल्या मानसोपचाराची बारा सत्रे

वडील गेल्यानंतर वर्षभर मी नेहमीच्या समुपदेशनाला जात होते. तिथे मला बोलता येत होते, किंबहुना जरा जास्तच चांगले बोलता येत होते. सगळा घटनाक्रम मी इतका नीटनेटका सांगत असे की तो दुसऱ्याच कोणाचा वाटावा. झोप मात्र परतली नाही आणि सकाळी उठताना जबडा ठणकायचा, तेही थांबले नाही. म्हणून चित्र, माती, हालचाल आणि शरीराच्या संवेदना यांच्या आधारे उपचार करणाऱ्या एका थेरपिस्टकडे मी बारा सत्रे घेतली.

सत्राच्या सुरुवातीला काहीच घडवायचे नसते. पाय जमिनीला कुठे टेकले आहेत, श्वास कुठवर पोहोचतो, खांदे किती वर चढले आहेत, एवढेच पाहायचे असते. शब्दांत न आलेल्या, पण शरीरात अंधूकपणे जाणवणाऱ्या अर्थाला अमेरिकी तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ यूजीन जेंडलिन यांनी 'फेल्ट सेन्स' म्हटले होते. 'हे शरीरात कुठे जाणवते?' हा थेरपिस्टचा नेहमीचा प्रश्न त्याच विचारातला.

चौथ्या सत्रात त्यांनी मातीचा गोळा हातात दिला, विषय दिला नाही. मी बराच वेळ अंगठ्याने एकाच जागी दाबत राहिले आणि तळ फाटायच्या बेताला आला. त्यांनी एवढेच विचारले, "आत्ता जबडा कसा आहे?" दात घट्ट आवळलेले होते. मग आठवले, की शेवटच्या रात्री मी वडिलांच्या मनगटावर असाच अंगठा दाबून बसले होते. अंगठ्याने नाडी पाहू नये, त्यात आपलेच ठोके लागतात, हे मला नर्सने नंतर सांगितले होते. ते ठोके माझे होते, ही गोष्ट वर्षभराच्या समुपदेशनात मी एकदाही उच्चारली नव्हती.

थेरपिस्टने त्या खड्ड्याचा अर्थ लावला नाही, आणि या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली बाब हीच आहे. काळा रंग म्हणजे नैराश्य, अशी कोष्टके मांडणाऱ्यांपासून दूर राहिलेलेच बरे.

सहाव्या सत्राबद्दल माझी तक्रार आहे. डोळे मिटून खोल श्वास घेताना माझी छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. जोरात श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व त्यामुळे असे होते, हे त्यांनी नंतर समजावले. डोळे उघडून खोलीतल्या वस्तूंची नावे घ्यायला लावल्यावर मी सावरलेही. परंतु लक्ष आत वळवल्याने काहींची अस्वस्थता वाढते, ही पूर्वकल्पना पहिल्याच भेटीत द्यायला हवी होती. पुढच्या सत्राच्या आरंभी त्यांनी स्वतःहून चूक मान्य केली, म्हणून मी सत्रे सोडली नाहीत.

ही पद्धत कालपरवाची नाही. क्षयरोगातून बरे होत असताना चित्रे काढणाऱ्या एड्रियन हिल या इंग्लिश चित्रकाराने १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द वापरात आणला, आणि त्याच वर्षी अमेरिकी नर्तकी मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात नृत्याद्वारे काम सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात कला आणि आरोग्य यांविषयीच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा आहे. तरीही चालू असलेली औषधे यासाठी बंद करू नयेत. उपचार करणाऱ्या व्यक्तीने कलेइतकेच मानसोपचाराचेही रीतसर प्रशिक्षण घेतले आहे का, हे निःसंकोच विचारावे. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, पण सगळीकडे तसे नाही.

चित्र चांगले येत नाही म्हणून कचरणाऱ्यांनी खुशाल जावे. शेवटच्या सत्रात आधीची सारी कामे क्रमाने मांडली होती. वाळताना तो गोळा तळाशी तडकला होता. मी तो घरी आणला आहे. जबडा अजून अधूनमधून दुखतो, रोज नाही.