सातबाऱ्यावर नाव त्याचंच होतं, जमीन मात्र त्याने आधीच विकली होती

माझ्या थोरल्या भावाचे सात लाख रुपये एका जमीन व्यवहारात गेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. एसटीतून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातला हा मोठा हिस्सा. प्रकरण पोलीस आणि कोर्टात असल्यामुळे गाव, तालुका, माणसांची नावं देत नाही. पण फसवणूक कशी केली गेली आणि कुठले कागद उघडल्यावर ती उघड झाली, हे सगळं सांगते. गावाकडे, विशेषतः कोकणात जमीन बघणाऱ्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी कळकळीची विनंती आहे.

अण्णांना रत्नागिरी जिल्ह्यात थोडी जागा घेऊन आंबा लावायचा होता. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. आमची वडिलोपार्जित जमीन सातारा जिल्ह्यात आहे, त्यामुळे तो अडसर नव्हता. ओळखीतून एक दलाल भेटला. त्याने बत्तीस गुंठ्यांची वरकस (डोंगरउताराची, हलकी) जागा दाखवली, रस्त्याला लागून, वर थोडी काजूची झाडं. भाव एकोणीस लाख. मालक स्वतः जागेवर आला, चहापाणी झालं, आधार कार्ड दाखवलं. सातबाऱ्यावर नाव त्याचंच होतं, फोटो जुळत होता, हद्दी त्याने चालून दाखवल्या. दलाल दर दोन वाक्यांनी म्हणायचा, "सातबारा एकदम क्लिअर आहे, काका. पाहिजे तर आत्ता मोबाईलवर बघा." आणि त्याने स्वतःच्या मोबाईलवर महाभूलेख हे सातबारा दाखवणारं सरकारी संकेतस्थळ उघडून दाखवलंही. वर मालकाचं नाव, क्षेत्र, आकार, सगळं बरोबर.

विसार म्हणून सात लाख ठरले. एक लाख चेकने, सहा लाख रोख. मालकाला "बहिणीच्या लग्नाचं देणं भागवायचंय" म्हणून रोख हवे होते. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार झाला, नोटरीचा शिक्का बसला. खरेदीखत तीन महिन्यांत करायचं ठरलं. मग तारखा पुढे जाऊ लागल्या. कधी सर्व्हर बंद, कधी तलाठी रजेवर, कधी मालकाची तब्येत.

अण्णा एकदा न कळवता जागेवर गेले, तर तिथे चिऱ्याचा गडगा घालायचं काम चालू होतं. गवंड्यांच्या मुकादमाने मालकाचा नंबर दिला. तो नंबर आम्हाला जागा विकणाऱ्याचा नव्हता. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो, ही जागा मी गेल्या वर्षी घेतली. माझ्याकडे रजिस्टर खरेदीखत आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दाखवलं. दस्तावर दोघांचे फोटो, अंगठे, दुय्यम निबंधकाचे शिक्के, पानापानावर दस्त क्रमांक. विकणाऱ्याचा फोटो आमच्याकडून विसार घेणाऱ्या माणसाचाच होता.

यानंतर कागद शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न मला पडला तो हाच: जागा वर्षापूर्वी विकली गेली, तर सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव कसं? फसवणारा याच फटीत राहतो, म्हणून हे नीट समजून घ्या. खरेदीखत नोंदवलं जातं दुय्यम निबंधकाकडे, ते नोंदणी व मुद्रांक विभागाचं काम. सातबारा असतो महसूल खात्याचा. खरेदीखत झालं की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून तलाठ्याकडे जाते (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी). तो फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. कोणी हरकत घेतली, तर ती नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि निकाल लागेपर्यंत तिथेच अडकते. आमच्या प्रकरणात विकणाऱ्याच्या चुलतभावाने हरकत घेतली होती. खरेदीदार खरा, दस्त खरा, पण फेरफार अडकलेला. त्यामुळे सातबारा जुन्याच नावाने बोलत राहिला आणि विकणाऱ्याने तीच जागा दुसऱ्यांदा विकायला काढली.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे की महसुली नोंदीने मालकी मिळत नाही. एकाच जागेचे दोन व्यवहार झाले की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे आधीच्याचा हक्क वरचढ ठरतो. अण्णांच्या हातात तर खरेदीखतही नव्हतं, नोंदणी न केलेलं साठेखत होतं. आणि त्याच कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे साठेखताने जागेत मालकी हक्क निर्माण होत नाही.

दलालाने दिलेली सातबाऱ्याची झेरॉक्स आणि मी नव्याने काढलेला उतारा टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मला अक्षरशः घाम फुटला. झेरॉक्सवर 'इतर हक्क'चा रकाना होता, पण त्याखालचा भाग नव्हता. पान तिथेच संपत होतं आणि खालच्या कडेला फिकट आडवी रेघ उमटली होती. मूळ कागदावर कोरी पट्टी ठेवून झेरॉक्स काढली की कडेची सावली उमटते, तशी ती रेघ. नव्या उताऱ्यात नेमका त्याच जागी 'प्रलंबित फेरफार' लिहिलेला होता आणि पुढे क्रमांक होता. त्याच्या जवळच शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक असतो. मोबाईलवर दलालाने दाखवलं तेव्हाही स्क्रीन वरच्या नावाशी थांबवली होती, खाली जाऊ दिली नव्हती.

म्हणून उतारा दुसऱ्याच्या हातून घेऊच नका. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, त्याला सही नसते. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो, त्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि तो क्रमांक उतारा जिथून काढला त्या संकेतस्थळावर टाकून उतारा खरा आहे का ते बघता येतं. व्यवहाराच्या दिवशी सकाळी काढलेला उताराच खरा माना. सोबत आठ-अ काढा, म्हणजे त्या खात्यावर आणखी कुठल्या जमिनी आहेत ते कळतं. 'आपली चावडी' या सरकारी सुविधेत गाव निवडलं की त्या गावात सध्या नोटीस निघालेले फेरफार दिसतात. हे फारच थोड्यांना माहीत आहे.

पण सातबारा कितीही बारकाईने वाचला तरी नोंदणी झालेले दस्त त्यात दिसतीलच असं नाही. त्यासाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध सेवा आहे. उर्वरित महाराष्ट्र, वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरायचा. एका वेळी एकच वर्ष शोधता येतं, म्हणून कंटाळवाणं काम आहे, पण प्रत्येक वर्ष बघा. समोर इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा येतो. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, लिहून देणाऱ्याचं आणि लिहून घेणाऱ्याचं नाव, दस्त करून दिल्याची आणि नोंदणीची तारीख असते. खरेदीखत, नोंदणीकृत साठेखत, गहाणखत, बक्षीसपत्र, सगळं इथे सापडतं.

इथे एक मोठी अडचण आहे, आणि ती मला स्वतःला भोवली. कोकणात गट नंबरऐवजी बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो. समजा, जागा सर्व्हे नंबर ४७, हिस्सा ३ आहे. मी '४७/३' टाकलं, काहीच आलं नाही. निर्धास्त व्हायला तेवढं पुरेसं होतं. मग नुसतं '४७' टाकलं, तेव्हा यादी आली. त्यात दस्त लिहिणाऱ्याने 'स.नं. ४७ हि.नं. ३' असं मोकळं लिहिलं होतं, म्हणून माझा आधीचा शोध त्याला लागलाच नव्हता. आमच्या आधीच्या खरेदीदाराचं नाव तिथे स्पष्ट होतं. नुसता मूळ नंबर टाकून शोधा आणि सापडलेल्या यादीतला प्रत्येक हिस्सा वाचा. ऑनलाईन नोंदी सगळ्या जुन्या वर्षांच्या नसतात, म्हणून तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर वकिलामार्फत दुय्यम निबंधक कार्यालयातल्या वह्या बघाव्याच लागतात. वकीलही स्वतःचा घ्या. दलालाने सुचवलेला नको.

फेरफारांचं वेगळं सांगते. सातबाऱ्यावर फेरफारांचे जे क्रमांक असतात, तो जमिनीचा इतिहास. त्यातला प्रत्येक फेरफार काढून वाचायचा. जुने बरेचसे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, नाहीतर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून नक्कल घ्यायची. आमच्या जागेचा सगळ्यात जुना फेरफार वाचला, तेव्हा विकणाऱ्याच्या आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं सापडलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन एकट्याची नव्हती, कुटुंबाची होती, आणि चुलतभावाच्या हरकतीचं मूळ तिथेच होतं. त्याशिवाय विकणाऱ्याच्या दोन आत्यांची नावं वारसनोंदीतून गळलेली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो जन्मापासूनच असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तेव्हा ज्यांची नावं सातबाऱ्यावर नाहीत, त्या बहिणी-आत्याही विचारात घ्याव्या लागतात. गावात फिरून चौकशी करा, शेजारच्या जमीनवाल्यांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, 'खाजगी वन' अशी नोंद, पुनर्वसनाची अट यांपैकी काही असेल तर तिथेच थांबा. जमीन भोगवटादार वर्ग-२ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली) असेल तर विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, तो आदेश बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोकणात १९७५ च्या खाजगी वन कायद्याच्या नोंदींनी किती खरेदीदारांची झोप उडवली आहे ते तिथले वकील सांगतील.

आता पैशाबद्दल. जमीन व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तरी रोख मागितली जाते, कारण रोखीला पुरावा राहत नाही. आमच्या एक लाखाच्या चेकचा पुरावा आहे, सहा लाखांबद्दल मालक म्हणतो, "मी घेतलेच नाहीत." नोटरी फक्त सह्या करणाऱ्यांची ओळख पटवतो, जमिनीचा हक्क तपासत नाही. साठेखत करायचंच असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुद्रांक शुल्क भरावं लागेल, पण तो दस्त इंडेक्स-२ मध्ये चढतो आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला दिसतो. आधीच्या खरेदीदाराच्या दस्ताची तशी नोंद होती म्हणूनच आमच्यासमोर सत्य आलं.

पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" असं उत्तर मिळालं. तेव्हा वकिलाने दोन्ही उतारे, इंडेक्स-२ आणि साठेखत जोडून पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला. विकलेली जागा पुन्हा विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ती येते, हे कागदावर मांडल्यावर गुन्हा दाखल झाला. आधीच्या खरेदीदारांनी स्वतःहून जबाब दिला, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. त्यांनाही फेरफार अडकल्यामुळे भोगावं लागतंय. अण्णांचे पैसे अजून परत आलेले नाहीत.

दलाल जामिनावर बाहेर आहे. त्याच्या नव्या जागांचे मेसेज ओळखीच्या लोकांना येत असतात: रस्त्यालगत, भाव बाजारापेक्षा कमी, सातबारा क्लिअर, टोकन रोख. असा मेसेज तुम्हाला आला तर जागा बघायला जाण्याआधी गावाचं नाव आणि सर्व्हे-हिस्सा नंबर लेखी मागा. आमच्या शेजारच्या काकूंनी मागितला होता. त्याने त्यांचा नंबर ब्लॉक केला.