निळ्या लाइटचं डास मारायचं मशीन, १ स्टार
बाल्कनीत डासांसाठी घेतलेलं, रात्रभर तडतड आवाज यायचा तर वाटलं भारी काम करतंय. महिन्याने ट्रे साफ करायला काढला आणि खूप वाईट वाटलं, सगळे पतंग नि भुंगे, डास जेमतेम दोन-चार. मग वाचलं की डास लाइटकडे फारसे येतच नाहीत, आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास धरून येतात. १९९६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी असल्या मशीनमधले १३,७८९ किडे मोजले, त्यात चावणारे फक्त ३१!! बाकीच्यांत बरेचसे पाण्याजवळचे निरुपद्रवी किडे, आणि दुसरे किडे खाणारे, म्हणजे आपल्याच कामाचे. पतंग तर रात्री परागीभवन करतात. प्लीज घेऊ नका, जाळी लावा, साचलेलं पाणी काढा. माझं मशीन कायमचं बंद केलंय.