मुलांबरोबर बसून यातला कोणता सिनेमा बघाल?

शाळा-कॉलेजातल्या मुलीला दिवस गेले, की सिनेमावाल्यांना घाई होते. तिला रडवायची, नाहीतर तिचं लग्न लावून मोकळं व्हायची. खाली ज्या चार सिनेमांबद्दल लिहिलंय, ते या घाईतून कमीजास्त प्रमाणात सुटलेले आहेत. वयात आलेल्या मुलांबरोबर यातला एखादा बघायचा विचार असेल, तर निवडताना मी एकच गोष्ट बघेन: या सगळ्या गोष्टीत तो मुलगा कुठे आहे?

रवी जाधवांच्या ‘बालक-पालक’मध्ये (२०१३) तो नाहीच. खरं तर ती मुलगीही फारशी नाही. चाळीतली ज्योतीताई निघून जाते, तिने ‘शेण खाल्लं’ अशी कुजबुज होते, आणि शेण खाणं म्हणजे नक्की काय, हे शोधत चार पोरं व्हीसीआरपर्यंत पोचतात. मोठ्यांनी तोंड मिटलं की मुलं उत्तर कुठून आणतात, हे इतक्या हसतखेळत क्वचितच कुणी दाखवलं असेल. पण ज्योतीताईच्या बाजूने बघायचं असेल तर हा सिनेमा पुरणार नाही. त्याला पोरांच्या कुतूहलात रस आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांशी विषय काढायचाय आणि सुरुवात कशी करावी हेच कळत नाही, अशांनी बिनदिक्कत हाच लावावा.

‘क्या कहना’ (२०००) मधला राहुल जबाबदारी झटकतो, मग पस्तावतो. प्रिया मूल ठेवते. घरचे आधी तिला बाहेर काढतात आणि नंतर परत आणतात. मुख्य धारेतल्या हिंदी सिनेमात नायिकेने हे ताठ मानेने करणं तेव्हा धीटपणाचंच होतं. आज बघताना मात्र भाषणं लांबतात, आणि शेवटी प्रश्न उरतो तो राहुल की अजय एवढाच. लग्नाची वाट काही सुटली नाही.

खरी निवड आहे ती ‘जूनो’ (२००७) आणि ‘नेव्हर रेअरली समटाइम्स ऑलवेज’ (२०२०) यांच्यात. दोन्ही अमेरिकन. एकातली मुलगी सोळा वर्षांची, दुसऱ्यातली सतरा.

जूनोची जीभ तलवारीसारखी चालते. डायब्लो कोडीला पटकथेचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. गर्भपातासाठी ती क्लिनिकमध्ये जाते, तिथून पळ काढते आणि बाळासाठी दत्तक पालक शोधते. ब्लीकर हा तिचा मित्र आणि बाळाचा बाप. साधा, गोड, गोंधळलेला मुलगा, गोष्टीत शेवटपर्यंत असलेला. पण नऊ महिन्यांत त्याचं आयुष्य जवळपास तसंच चालू राहतं, आणि सिनेमाला ते फारसं खटकतही नाही. वडील आणि सावत्र आई इतके समजूतदार आहेत की हेवा वाटावा. आणखी एक गंमत म्हणजे जूनो घरी काही न सांगता क्लिनिकमध्ये जाते. गोष्ट घडते मिनेसोटात, आणि तिथे त्या काळी अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भपाताआधी दोन्ही पालकांना कळवणं, नाहीतर न्यायालयाची परवानगी घेणं, कायद्याने भाग होतं. पटकथेने तो अडथळा अलगद बाजूला ठेवला.

एलायझा हिटमनचा ‘नेव्हर रेअरली...’ नेमका त्या अडथळ्यावरच उभा आहे. पेनसिल्व्हेनियात पालकाच्या संमतीशिवाय गर्भपात होत नाही म्हणून ऑटम मावस-चुलत कुठल्याशा नात्यातल्या बहिणीला घेऊन बसने न्यूयॉर्कला जाते. गावातल्या केंद्रात तिला गर्भ दहा आठवड्यांचा असल्याचं सांगितलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये कळतं, अठरा आठवडे झालेत. मग मुक्काम वाढतो, पैसे संपतात, रात्री स्टेशनांवर काढाव्या लागतात. आणि मुलगा? तो कोण, हे सिनेमा सांगतच नाही. समुपदेशक एकेक प्रश्न विचारते आणि ऑटमने ‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी’ यांतलं एक उत्तर द्यायचं असतं. प्रश्न जोडीदाराच्या जबरदस्तीकडे वळतात. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. न दिलेल्या उत्तरांतून सगळं कळतं.

म्हणजे प्रेमकथा हवी असेल तर ‘जूनो’. त्यात कोवळं प्रेम आहे, हसू आहे, आणि मुलगी स्वतःचे निर्णय स्वतः घेते. पण तो एकटाच दाखवून थांबलात, तर हे सगळं गिटार वाजवता वाजवता निभावतं असं मुलांना वाटू शकतं. सोळा-सतराच्या मुलामुलींना मी दोन्ही दाखवेन, दोन वेगळ्या दिवशी, आधी ‘जूनो’. मुलग्यांना तर नक्कीच. हिटमनचा सिनेमा आधी एकदा एकट्याने बघून घ्या. आणि मुलांबरोबर बघताना तो प्रश्नोत्तरांचा प्रसंग सुरू झाला, की पाणी आणायच्या निमित्ताने उठून जाऊ नका.