गटाचा दौरा की तिथलं समर स्कूल?

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजातल्या मुलांपुढे थोड्या दिवसांच्या परदेशी शिक्षणाचे साधारण दोन पर्याय येतात. आपल्याच प्राध्यापकांबरोबर दहा-पंधरा दिवसांचा गटाचा दौरा, नाहीतर तिथल्या विद्यापीठाचं तीन-चार आठवड्यांचं समर स्कूल. माहितीपत्रकात दोन्हीकडे ‘जागतिक दृष्टिकोन’ छापलेला असतो. तो आला की नाही, हे कोण तपासणार, याबद्दल अवाक्षर नाही.

दौऱ्यात धीर असतो. इंग्रजी अडखळलं तर सर आहेत, बॅगेत चटणी-खाकरा आहे. पण संध्याकाळी सगळी एका खोलीत जमून अहिराणीत गप्पा हाणणार. तो देश दिसतो बसच्या खिडकीतून.

समर स्कूलमध्ये, त्यातही एखाद्या कुटुंबात राहायचं असेल तर, फरक अंगावर येतो. आपल्याकडे पाहुणा दोनदा ‘नको’ म्हणाला तरी ताटात भाकरी पडतेच. जर्मनीत एकदा ‘नको’ म्हटलं की बहुधा भांडं पुढे सरकतं आणि पोरगं अर्धपोटी उठतं. ‘फार कोरडी माणसं’ असं ठरवून ते परत येऊ शकतं. किंवा पाहुण्याचा शब्द खरा मानणं हाच तिथला मान, हे त्याला उमगू शकतं. पण त्यासाठी त्याच रात्री ‘काय झालं, तुला काय वाटलं?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं.

सुमारे १,३०० अमेरिकी विद्यार्थ्यांवरच्या, जॉर्जटाऊन कन्सोर्टियम या अमेरिकी विद्यापीठांच्या गटाच्या २००९ च्या अभ्यासातही हेच दिसलं: तिथे मार्गदर्शक असलेल्यांची आंतरसांस्कृतिक जाण जास्त वाढली. नुसतं राहून फारसं काही होत नाही. अमेरिकी अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये या जाणिवेचे सहा टप्पे मांडले, फरक नाकारण्यापासून तो अंगी मुरवण्यापर्यंत. ‘शेवटी माणूस इथूनतिथून सारखाच’ हे वाक्य, जे परतलेली मुलं अभिमानाने ऐकवतात, त्यातल्या तिसऱ्याच, फरक झाकणाऱ्या टप्प्यावरचं. पंधरा दिवसांत सहावा टप्पा गाठून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

माझा कौल असा: रोज संध्याकाळी तासभर बैठक घेऊन डायरी तपासणारे सर असतील, तर पहिल्यांदा जाणाऱ्याने बिनधास्त दौरा घ्यावा. तसे सर नसतील आणि समर स्कूलकडे मार्गदर्शक असेल, तर समर स्कूल. दोन्हीकडे नन्नाचा पाढा असेल, तर पैसे राखून ठेवा आणि आधी नंदुरबारकडच्या पावरा आदिवासींच्या पाड्यात चार दिवस राहून या. विचारणा मात्र अर्जाआधीच करा.